शेळीचा फोटो सोपा, जोडीचा अवघड

मागच्या वेळी आपण गटाच्या दप्तराबद्दल बोललो होतो. आज विषय फोटोचा आहे. फोटोचं आणि बचत गटाचं काय नातं, असं वाटेल तुम्हाला. आम्हालाही आधी तसंच वाटायचं.

दोन वर्षांपूर्वी आमच्या गटातल्या एका वहिनींचे मालक अचानक गेले. दहाव्याला हार घालायला फोटो पाहिजे म्हणून घरात शोधाशोध झाली. लग्नाच्या अल्बमला वाळवी लागलेली. मोबाइलमध्ये पोरांचे, बैलांचे, नव्या विहिरीचे फोटो, पण वहिनी आणि त्यांचे मालक शेजारी शेजारी उभे आहेत असा एकही नाही. शेवटी आधार कार्डावरचा फोटो मोठा करून आणला. तो इतका पुसट आला की धाकटी लेक म्हणाली, "हे आमचे दादा नाहीतच."

पुढच्या मासिक बैठकीत आम्ही सगळ्याजणींना विचारलं, लग्नानंतर मालकांबरोबर जोडीनं काढलेला फोटो कुणाकडे आहे? गटात आम्ही चौदा जणी. हात वर झाले तीन. त्यातलाही एक सत्यनारायणाच्या पूजेतला, त्यात दोघांची तोंडं समईच्या मागं गेलेली.

त्याच बैठकीत ठरलं की गटातल्या प्रत्येकीचा जोडीनं फोटो काढायचा. आणि काढणार कोण, तर आमचीच कॅमेरावाली ताई.

या ताईंना जनावरांचे फोटो काढायचा नाद. सुरुवात शेळ्यांपासून झाली. गटातल्या बायका शेळ्या विकायच्या तेव्हा व्यापाऱ्याला मोबाइलवर फोटो पाठवायला लागायचे. ताईंनी काढलेला फोटो बघितला की शेळीची उंची, कास, कान सगळं नीट दिसायचं. मग माळावरच्या पक्ष्यांचं वेड लागलं. वेडा राघू, चंडोल, हुदहुद, आणि मायणीच्या तलावावर येणारे रोहित पक्षी. त्यासाठी त्यांनी गटाचं कर्ज काढून एक जुना कॅमेरा घेतला, सोबत दोन लेन्स, एक जवळची आणि एक लांबची. घरचे म्हणाले, "पाखरांचे फोटू काढून पोट भरतंय व्हय?" ताईंकडे उत्तर नव्हतं, पण हप्ता त्यांनी कधी चुकवला नाही.

त्यांचा सगळ्यात चांगला फोटो टिटवीच्या जोडीचा. टिटवी घरटं बांधत नाही. उघड्या माळावर, खड्यांमध्येच अंडी घालते. नर आणि मादी दोघं आळीपाळीनं अंड्यांवर बसतात. एक बसतो तेव्हा दुसरा राखण करतो. ऊन फार झालं तर पोटाची पिसं पाण्यात भिजवून येतात आणि अंडी गार करतात. ताई अंड्यांजवळ गेल्या नाहीत, कारण माणूस जवळ गेला की पक्षी उठतो आणि अंडी उन्हात उघडी पडतात. लांब बाभळीच्या आडोशाला बसून त्यांनी तीन सकाळी वाट बघितली आणि पाळी बदलतानाचा फोटो घेतला. एक पक्षी उठतोय, दुसरा चालत येतोय, असा.

आम्हाला वाटलं, पाखरांच्या जोडीचा एवढा देखणा फोटो काढणारीला माणसांच्या जोडीचा काय अवघड? ताईंनाही तसंच वाटलं. इथंच आमचं चुकलं.

पहिली जोडी आमच्याच गल्लीतली. ताईंनी सवयीनं लांबची लेन्स लावली. त्या लेन्सच्या पूर्ण झूममध्ये दोन माणसं मावायची तर तीस फुटांवर उभं राहावं लागतं. एवढ्या लांबून काही सांगायचं म्हणजे ओरडूनच. ताई रस्त्याच्या पलीकडून ओरडल्या, "वहिनी, दादांच्या जवळ सरका!" अख्खी गल्ली गोळा झाली. पोरं खिदळायला लागली. सासूबाई दारातून बघत होत्या. वहिनींनी पदर तोंडावर ओढला आणि दादा "रानात काम हाय" म्हणून निघूनच गेले. जे चार फोटो आले, त्यात वहिनी स्वच्छ दिसत होत्या आणि दादा धुरकट.

ताई दोन दिवस बैठकीला आल्या नाहीत. आम्ही घरी गेलो तर म्हणाल्या, "मला माणसांचं जमायचं न्हाय. शेळीला लाज वाटत न्हाय." आम्ही ते फोटो घेऊन बसलो आणि एकेक चूक शोधली. पुढच्या सहा महिन्यांत ताई जे शिकल्या आणि आम्हीही जे शिकलो, ते आज तुम्हाला सांगतो. यातलं बरंचसं साध्या मोबाइललाही लागू पडतं.

पहिली गोष्ट अंतराची. पाखरू माणसाला बघून उडतं, म्हणून लांबून फोटो घ्यावा लागतो. माणसांच्या जोडीला उलट फोटो काढणारी जवळ हवी, हळू आवाजात बोलता येईल इतकी. ताई आता जवळची लेन्स लावून आठ-दहा फुटांवर उभ्या राहतात. मात्र त्याहून फार जवळ जायचं नाही. मोबाइल तोंडाजवळ नेऊन फोटो काढला की नाक मोठं येतं आणि कडेचा माणूस ताणल्यासारखा जाड दिसतो. मोबाइलवर काढताना दोन-तीन पावलं मागं सरा आणि पडद्यावरचा दोनचा आकडा दाबा, चेहरे बरोबर येतील. ज्याच्यात अर्धा किंवा शून्य पॉइंट पाच लिहिलेलं असतं, ते जोडीसाठी वापरू नका.

दुसरी गोष्ट, दोघंही स्पष्ट यायला हवेत. कॅमेऱ्याच्या लेन्समध्ये उजेड आत यायला एक छिद्र असतं, त्याला ॲपर्चर म्हणतात. गंमत अशी की आकडा लहान तर छिद्र मोठं, आणि आकडा मोठा तर छिद्र लहान. छिद्र मोठं ठेवलं की ज्याच्यावर नेम धरलाय तेवढंच स्वच्छ येतं, मागचं पुढचं धूसर होतं. पक्ष्याला ते छान दिसतं, मागचं झुडूप विरघळून जातं. पण जोडीत एकजण पुढं आणि एकजण मागं उभा असला तर मागचा माणूसच विरघळतो. लांबची लेन्स पूर्ण झूम करून ताईंनी तीस फुटांवरून फोटो घेतला, तेव्हा जेमतेम वीतभर खोलीतलंच स्वच्छ येत होतं. दादा हातभर मागं होते, ते धुरकट झाले. आता ताई जवळच्या लेन्सनं, दहा फुटांवरून, ॲपर्चरचा आकडा आठ ठेवतात. मग जवळजवळ तीन फूट खोलीतलं सगळं स्वच्छ येतं.

यासाठी एक साधी युक्ती आहे. दोघांच्या नाकांसमोर आडवी दोरी धरली आहे असं समजा. दोन्ही नाकं त्या दोरीला लागली पाहिजेत. मोबाइलमध्ये पोर्ट्रेट नावाची सोय असते, ती पार्श्वभूमी धूसर करते आणि कधी कधी शेजारच्या माणसाचा कान नाहीतर खांदाही धूसर करून टाकते. जोडीचा फोटो काढताना ती बंदच ठेवा, नाहीतर काढल्यावर दोन्ही चेहरे मोठे करून बघा.

पाखरू हलतं म्हणून ताई सेकंदाच्या हजाराव्या भागात फोटो टिपायच्या. बसलेल्या माणसांना एवढ्या वेगाची गरज नाही, सेकंदाचा दोनशेवा भाग पुरतो. वेग कमी केला की उजेड जास्त आत येतो, आणि आकडा आठ ठेवूनही फोटो अंधारा होत नाही.

तिसरी गोष्ट उजेडाची. आपल्याकडचं ऊन तुम्हाला माहीत आहे. अकरा ते चारच्या उन्हात डोळ्यांखाली काळे खड्डे पडतात आणि माणूस डोळे बारीक करतो. सकाळी आठच्या आत किंवा ऊन कलल्यावर फोटो घ्या. दुपारीच घ्यायचा असेल तर ओसरीच्या कडेला, छपराच्या सावलीत बसवा आणि तोंडं अंगणाकडे करा. अंगणातला उजेड चेहऱ्यावर मऊ पडतो. लिंबाच्या झाडाखाली बसवताना मात्र जपा. पानांतून उन्हाचे कवडसे पडतात, आणि फोटोत माणूस कोड उठल्यासारखा दिसतो.

गांधी टोपी आणि डोक्यावरचा पदर, दोन्हींची सावली डोळ्यांवर येते. टोपी बोटभर मागं सरकवायला सांगा, पदर कपाळाच्या वर राहू द्या. पदर काढायला लावू नका, तो ज्याचा त्याचा प्रश्न आहे. आणखी एक. टोपी पांढरी, सदरा पांढरा, मागं चुन्याची भिंत असली की कॅमेरा फसतो. एवढा पांढरा रंग बघून त्याला वाटतं उजेड जास्त झाला, आणि तो फोटो काळपट करतो. मोबाइलवर चेहऱ्यावर बोट टेकवा. बहुतेक मोबाइलमध्ये सूर्याचं चिन्ह दिसतं, ते थोडं वर सरकवा. टोपी जरा जास्त पांढरी झाली तरी चालेल, चेहरा दिसला पाहिजे.

चौथी गोष्ट उंचीची. ही मात्र ताईंना आधीपासून येत होती. शेळीचा फोटो उभ्यानं काढला तर नुसती पाठ दिसते. शेळीच्या डोळ्यांच्या उंचीवर जाऊन बसावं लागतं. माणसांचंही तसंच. जोडी ओट्यावर बसली असेल तर ताई अंगणात बसतात. दादा फार उंच आणि वहिनी ठेंगण्या असतील, तर दादांना खालच्या पायरीवर बसवतात आणि वहिनींना वरच्या. एका आजोबांनी हरकत घेतली, "बायको वर आन् मी खाली?" आजी पटकन म्हणाल्या, "आजच्या दिस बसा की!" आबा हसले, आणि ताईंनी तोच क्षण टिपला.

आता पाचवी आणि सगळ्यात अवघड गोष्ट. टिटवीला कळत नाही की आपला फोटो निघतोय. माणसाला कळतं. कॅमेरा समोर आला की आपल्याकडचं जोडपं कवायतीला उभं राहिल्यासारखं ताठ होतं. हात मांडीला चिकटलेले आणि दोघांमध्ये एक माणूस बसेल एवढी जागा. जुन्या स्टुडिओतही माणसं अशीच ताठ दिसायची, कारण तेव्हाच्या कॅमेऱ्याला वेळ लागायचा आणि हललं की फोटो बिघडायचा. आता हलायला हरकत नाही, पण आपण अजून तसेच बसतो.

ताईंनी आधी "हसा, जवळ या, हात धरा" असं सांगून बघितलं. त्यानं माणसं आणखी अवघडायची. चारचौघांत नवऱ्याचा हात धरायची आपल्याकडे कुणाला सवय आहे? मग त्यांना टिटवी आठवली. टिटवीची जोडी त्यांनी जवळ बसवली नव्हती. दोघं आपलं काम करत होती, आणि त्या कामातच त्यांचं जोडपण दिसलं होतं. तेव्हापासून ताई जोडीला काम देतात. मिळून शेंगा फोडायच्या. बैलांना वैरण टाकायची. एकानं मोट बांधायची, दुसऱ्यानं उचलून द्यायची. चहाची बशी पुढं करायची. हातात काम आलं की हातांचं काय करायचं हा प्रश्नच राहत नाही, आणि माणसं आपोआप जवळ येतात.

वाट बघण्याची सवय इथं फार उपयोगी पडली. पाखरू उडायच्या आधी पंख किंचित उचलतं, ते ओळखून बोट तयार ठेवावं लागतं. माणसांचंही काही वेगळं नाही. ताई वहिनींना उखाणा घ्यायला सांगतात. उखाणा चालू असताना फोटो घेत नाहीत. नाव घेऊन झालं की वहिनी खाली बघून हसतात आणि दादा चोरून वहिनींकडे बघतात. ते दोन सेकंद असतात. कॅमेऱ्याचं बटण दाबून धरलं की एका पाठोपाठ पाच-सहा फोटो निघतात, त्यात एक तरी नेमका येतो. मग दादांनाही उखाणा घ्यायला लावायचा. त्यांना बहुतेक येत नाही, आणि त्यावर वहिनी जे हसतात तो फोटो सगळ्यात चांगला.

सहावी गोष्ट परवानगीची. पाखराला विचारता येत नाही, म्हणून त्याला त्रास होणार नाही एवढं बघायचं. माणसाला विचारता येतं, म्हणून विचारायचंच. ताई आधी बाईला विचारतात, ती एकटी असताना. कारण नवऱ्यासमोर, सासूसमोर "नको" म्हणणं किती जड जातं ते आपल्याला ठाऊक आहे. एका घरात दादांची फार हौस होती, पण ती बाई ताईंना पाणी द्यायला आत घेऊन गेली आणि म्हणाली, "आज नको, ताई." ताईंनी बाहेर येऊन सांगितलं, कॅमेऱ्याची बॅटरी उतरली. पुढं आम्ही त्या बाईशी सावकाश बोललो. ते इथं सांगत नाही. पण लक्षात ठेवा, सगळ्याच जोड्यांना जवळ बसवायचं नसतं. फोटो काढणारीचं काम जोडी लावायचं नव्हे.

आणि फोटो काढला म्हणजे तो आपला झाला नाही. ताई तिथंच दोघांना फोटो दाखवतात, नको असलेले समोरच पुसून टाकतात. दोघांनीही हो म्हटल्याशिवाय एकही फोटो स्टेटसला ठेवत नाहीत.

"बाईमाणसानं कॅमेरा घेऊन दारोदार फिरायचं?" असं ताईंना दोघा-तिघांनी ऐकवलं. तेव्हा आम्ही त्यांना होमाई व्यारावाला यांच्याबद्दल सांगितलं. १९१३ साली नवसारीला जन्मलेल्या होमाई मुंबईच्या जे. जे. कला विद्यालयात शिकल्या आणि वर्तमानपत्रांसाठी फोटो काढणाऱ्या आपल्या देशातल्या पहिल्या महिला ठरल्या. फोटोग्राफी त्या शिकल्या माणेकशॉ व्यारावाला यांच्याकडून, जे पुढं त्यांचे पती झाले. सुरुवातीला होमाईंनी काढलेले फोटो माणेकशॉंच्या नावानं छापून यायचे, कारण त्यांचं स्वतःचं नाव कुणाला माहीत नव्हतं. पंडित नेहरू कबुतर उडवताहेत, तो प्रसिद्ध फोटो होमाईंचाच. २०११ साली त्यांना पद्मविभूषण मिळालं. हे ऐकल्यावर ताईंनी फोटोच्या पाकिटावर स्वतःच्या नावाचा शिक्का मारायला सुरुवात केली.

आता हिशोब, कारण गटाच्या बाईला हिशोबाशिवाय चैन पडत नाही. ताईंनी कॅमेऱ्यासाठी गटातून वीस हजार रुपये घेतले होते, शेकडा दोन रुपये महिना व्याजानं, उरलेल्या रकमेवर. मुद्दल महिना एक हजार. पहिल्या महिन्याचं व्याज चारशे, म्हणजे हप्ता चौदाशे. पुढं दर महिन्याला व्याज वीस रुपयांनी उतरत गेलं. वीस महिन्यांत एकूण व्याज बेचाळीसशे रुपये. शेळ्या-पाखरांच्या फोटोचे कुणी पैसे देत नव्हतं, हप्ता मजुरीतून जायचा. जोडीच्या फोटोचे ताई तीनशे रुपये घेतात. त्यात एक मोठा आणि दोन लहान फोटो. प्रिंट आणि पाकिटाला सत्तर, पेट्रोलला तीस धरले तर दोनशे उरतात. म्हणजे महिन्याला सात जोड्या झाल्या की पहिला, सगळ्यात मोठा हप्तासुद्धा निघतो. गटातल्या फोटोंचे पैसे आम्ही ताईंना रोखीनं दिले. ओळखीतलं काम म्हणून फुकट करून घ्यायचं नाही, हा नियमच केला.

शेवटची गोष्ट आम्हाला आमच्याच गटानं शिकवली. सगळ्या जोड्यांचे फोटो झाले, बैठकीत वाटप झालं, कौतुक झालं. ज्यांच्या घरी फोटो सापडला नव्हता त्या वहिनी गप्प बसून होत्या. उठता उठता म्हणाल्या, "माझ्यावरनं सुरू झालं आन् मीच न्हाय व्हय त्यात?"

आम्हाला खाली बघायची वेळ आली. चौदा जणींत तिघी विधवा. "जोडीनं" हा शब्द आम्ही किती सहज वापरला होता. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं विधवा प्रथा बंद करायचा ठराव केला, तेव्हा आम्ही याच बैठकीत टाळ्या वाजवल्या होत्या. आणि इथं आम्हीच तिघींना बाजूला ठेवलं होतं.

आम्ही वहिनींना विचारलं, तुम्हाला कुणाबरोबर फोटो काढायचा आहे? त्या म्हणाल्या, "जाऊबाईबरोबर. ते गेल्यापासनं रान आम्ही दोघी करतोय." ऊन कलल्यावर ताई रानात गेल्या. दोघी जावा बांधावर बसून भाकरी सोडत होत्या. मोठीनं कांदा फोडला आणि अर्धा धाकटीपुढं धरला. दोन्ही चेहरे एका दोरीत होते. ताईंनी काही सांगितलं नाही, नुसता फोटो घेतला. दुसऱ्या ताईंनी आपल्या लेकीबरोबर काढला, तिसऱ्यांनी आपल्या म्हशीबरोबर. तो फोटो काढताना कॅमेरावाली ताई फार खुशीत होती, हे सांगायला नको.

तर मैत्रिणींनो, आज ऊन उतरल्यावर ओसरीत बसा. ज्यांच्याबरोबर दिवस काढता त्यांना शेजारी बसवा, दोघांच्या हाताला काम घ्या आणि शेजारणीला सांगा आठ-दहा फुटांवरून फोटो काढायला. दोन्ही चेहरे मोठे करून बघा. आणि चांगला आला तर मोबाइलमध्येच ठेवू नका. मोबाइल पाण्यात पडतो, फुटतो, पोरं फोटो पुसतात. तालुक्याला जाल तेव्हा एक कागदावर काढून आणा आणि वाळवी लागणार नाही अशा पत्र्याच्या डब्यात ठेवा.

पुढच्या वेळी भेटू. नमस्कार.